पाणी नितळ दिसते, तरीही पाणी बदलल्यावर गोल्डफिश धापा का टाकतात? खाद्याच्या वेळा आणि पाण्याच्या गुणवत्तेविषयी प्रश्न

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी गेल्या वर्षीपासून ९० लिटरची काचेची टाकी असून तीत तीन गोल्डफिश आहेत. एक ओरांडा आणि दोन रियुकिन. तिन्ही मासे आता मुठीएवढे झाले आहेत. टाकीच्या काठावर अडकवायचा फिल्टर चोवीस तास चालू असतो, शिवाय हवेचा एक दगडही आहे. पाणी महापालिकेचे आहे आणि ते इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून येते.

खाद्य म्हणून तरंगणारे दाणे सकाळी सात वाजता आणि रात्री आठ वाजता देतो. दुपारी शाळेतून आल्यावर मुलगी थोडे दाणे टाकते, कारण ती काचेजवळ गेली की तिन्ही मासे वर येऊन तोंड उघडतात. या मंचावरील जुन्या चर्चांमध्ये कोणी दिवसातून एकदाच खाद्य द्यावे असे म्हणतात, तर कोणी चार वेळा द्यावे असे सांगतात, आणि दोन्हीकडच्या मंडळींचे मासे धडधाकट दिसतात. नेमके किती वेळा आणि किती प्रमाणात द्यावे, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न अधिक काळजीचा आहे. महिन्यातून एकदा मी टाकीतील निम्मे पाणी काढून, तळाचा गाळ नळीने ओढून, नवे पाणी भरतो. क्लोरीन घालवणारे औषध बाटलीवर लिहिलेल्या मात्रेप्रमाणे टाकतो. तरीही पाणी बदलल्यानंतर तासाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, कल्ले भराभर हलवतात, पंख अंगाशी मिटून घेतात, आणि एक-दोन दिवसांनी आपोआप पूर्ववत होतात. पाणी बदलण्याआधी मात्र ते अगदी मजेत असतात. आधीचे पाणी काचेसारखे नितळ असते, त्याला वास नसतो, आणि घरच्या आरओ यंत्रासोबत मिळालेले टीडीएस मीटर २०० च्या आतच आकडा दाखवते. जुने पाणी मानवते आणि ताजे पाणी बाधते, हे कोडे मला उलगडत नाही. काही जण म्हणतात की पाणी बदलूच नका. ते खरे मानावे काय?

शेवटचा प्रश्न असा की गणपतीला आम्ही आठवडाभर गावी जातो. त्या काळात खाद्याची काय व्यवस्था करावी?

परीक्षानळी

आपले तीन प्रश्न वेगवेगळे वाटत असले तरी पहिले दोन मुळात एकच आहेत. टाकीत पडणारा प्रत्येक दाणा, मग तो माशाच्या पोटातून जावो अथवा तळाशी कुजो, शेवटी पाण्यातच उतरतो. त्यामुळे खाद्याचे वेळापत्रक ठरवताना घड्याळाआधी पाण्याकडे पाहावे, असे माझे मत आहे.

आधी टीडीएस मीटरविषयी. हे यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्या क्षारांत निरुपद्रवी कॅल्शियम किती आणि घातक नायट्राइट किती, हे त्याला ओळखता येत नाही. अमोनिया, म्हणजे खाद्य आणि माशांची घाण यांतून पाण्यात तयार होणारे विष, पाण्याला रंग देत नाही, आणि माशाला मारक ठरणाऱ्या प्रमाणात त्याचा वास आपल्याला येत नाही. म्हणजे नितळपणा, वास आणि टीडीएस या आपल्या तिन्ही कसोट्या या प्रश्नापुरत्या निरुपयोगी आहेत.

आता हिशेब. मासा प्रथिने पचवतो तेव्हा त्यातील बराचसा नायट्रोजन तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने थेट पाण्यात सोडतो. मत्स्यपालनात यासाठी एक ढोबळ सूत्र वापरले जाते: खाद्याचे वजन गुणिले प्रथिनांचा अंश गुणिले ०.०९२. आपले दाणे ३५ टक्के प्रथिनांचे असतील आणि तीन वेळचे मिळून दिवसाला २ ग्रॅम पडत असतील, तर रोज सुमारे ६४ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. ९० लिटरच्या टाकीत रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता ७५ लिटर पाणी धरले, तर ही भर लिटरमागे रोज ०.८५ मिलिग्रॅम एवढी होते. निरोगी टाकीत अमोनियाचे मोजमाप शून्य यावे अशी अपेक्षा असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळेल.

ही भर दिसत नाही याचे कारण फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू. त्यांच्यातील एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि नायट्रेट बऱ्याच प्रमाणात असले तरी गोल्डफिश सहन करतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ज्याच्याकडे फार कमी जण लक्ष देतात ती गोष्ट पुढची आहे. या प्रक्रियेत आम्ल तयार होते आणि ते पाण्यातील बायकार्बोनेट खाऊन टाकते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे आम्ल जिरवणारा बायकार्बोनेटचा साठा, खर्च होते. आपल्या टाकीत म्हणजे लिटरमागे रोज ६ मिलिग्रॅम. मुंबईचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांतून येते. ते हलके असते आणि त्यात अल्कतेचा साठा मुळातच थोडा असतो. महिनाभर पाणी बदलले नाही तर हा साठा संपून पीएच, म्हणजे सामू, घसरत जातो, आणि तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. त्यानंतर अमोनिया साठू लागतो.

मग मासे मजेत कसे? कारण अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून शरीरात शिरतो आणि विषारी असतो. दुसरा अमोनियम, जो विद्युतभारित असल्यामुळे सहजी आत शिरत नाही. आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सारा साठा दुसऱ्या रूपात राहतो. सामू एका अंकाने वाढला की मुक्त अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. आपण निम्मे पाणी बदलता तेव्हा एकूण साठा निम्मा होतो खरा, परंतु नव्या पाण्याने सामू एकदम ६ वरून ७ च्या पुढे गेला, तर उरलेल्या निम्म्या साठ्यातील विषारी भाग आधीच्या कितीतरी पट होतो. मासे धापा टाकतात ते यामुळे. एक-दोन दिवसांत आम्ल पुन्हा साचून सामू उतरतो, विषारी रूप पुन्हा निरुपद्रवी रूपात जाते, आणि मासे ‘आपोआप’ बरे झालेले दिसतात.

हा अजून माझा तर्क आहे. खात्रीसाठी थेंबांच्या तपासणी-संचाने टाकीतील अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू आणि केएच, म्हणजेच अल्कता, मोजावी. नळाच्या पाण्याचा सामू आणि केएचही मोजावे, पण ते पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून, कारण ताज्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सामू फसवा येऊ शकतो. कागदी पट्ट्यांच्या बहुतेक संचांत अमोनियाची पट्टीच नसते, त्यामुळे संच पाहून घ्यावा. तपासणी होईपर्यंत कृपया पाणी बदलू नये, आणि खाद्य पूर्ण बंद ठेवावे. मुठीएवढ्या गोल्डफिशला चार-पाच दिवसांच्या उपवासाने काहीही होत नाही.

संत्रानगरी

वरील विवेचन मुंबईच्या पाण्यापुरते मला मान्य आहे, परंतु ते वाचून नागपूर, अकोला, जालना इकडच्या कोणी आपल्या टाकीला तोच न्याय लावू नये म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे बोअरचे पाणी जड असते. माझ्या टाकीत अल्कता कधीच संपत नाही आणि सामू ८ च्या खाली येत नाही. त्यामुळे जिवाणू जोमात असतात, पण जो थोडाफार अमोनिया उरतो तो जास्त घातक रूपात असतो. ३० अंश तापमानाला आणि सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे साडेसात टक्के मुक्त रूपात असतो. सामू ७ असता तर तो पाऊण टक्का भरला असता. मुंबईत संचावर दिसणाऱ्या लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नसेल, पण नागपुरात मे महिन्यात तोच आकडा दिसला तर मी त्याच दिवशी खाद्य थांबवते आणि पाणी बदलते. शिवाय विदर्भात अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यात नायट्रेट मुळातच असते, म्हणून टाकीत नायट्रेट वाढले असे म्हणण्याआधी बोअरचे पाणी तपासावे.

उन्हाळ्याचा आणि खाद्याचा संबंध याहून महत्त्वाचा. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. १८ ते २४ अंशांत तो सुखी असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. इकडे उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते, आणि पोटभर खाल्ल्यावर पचनासाठी ती आणखी वाढते. म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मी दुपारी काहीही देत नाही. पाणी सर्वांत गार असते तेव्हा, म्हणजे सकाळी उजाडल्यावर तासाभराने, मुख्य खाद्य आणि सूर्यास्तानंतर त्याच्या निम्मे. ज्यांच्या टाकीत वनस्पती भरपूर आहेत त्यांनी अगदी पहाटे खाद्य देऊ नये, कारण रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरत असतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो.

पाणी गार ठेवण्यासाठी झाकण काढून पृष्ठभागावर तिरका पंखा लावला की बाष्पीभवनामुळे तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. आमच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालते. मुंबईच्या दमट हवेत तेवढा फरक पडणार नाही. बर्फ घालण्याचा उद्योग करू नये. तापमान झपाट्याने खाली आणि पुन्हा वर जाणे हे स्थिर ३० अंशांपेक्षा वाईट. आणखी एक गोष्ट फार थोडे जण पाहतात: पंख्याने पाणी उडते, क्षार मागे राहतात. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचेच पाणी ओतत राहिले तर उन्हाळा संपेपर्यंत टाकीतील पाणी विहिरीच्या तळासारखे खारट होते. ती तूट मी आरओच्या पाण्याने भरते. मात्र संपूर्ण टाकी केवळ आरओच्या पाण्याने कधीही भरू नये, कारण मग वर सांगितलेला अल्कतेचा प्रश्न मुंबईहून वाईट रूपात उभा राहतो.

मुलुंडकर

दोघांचेही आभार. संच आणून तपासणी केली. टाकीतील अमोनिया तक्त्यावरील सर्वांत गडद रंगाचा, म्हणजे ८ किंवा त्याहून अधिक, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० आणि ८० यांच्या मध्ये, सामू ६, आणि तो संचाचा सर्वांत खालचा रंग असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी असू शकेल. केएचसाठी पहिल्याच थेंबाला रंग बदलला. एक दिवस ठेवलेल्या नळाच्या पाण्याचा सामू ७.४ आणि केएच सुमारे अडीच अंश आले.

आकडे आपल्या तर्काप्रमाणेच दिसतात. पण आता पाणी बदलले तर मासे मरतील आणि न बदलले तर अमोनिया वाढत जाईल, अशा कात्रीत सापडल्यासारखे वाटते. यातून बाहेर कसे यावे?

परीक्षानळी

केएचचा एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम अल्कता. आपले अडीच अंश म्हणजे ४५. रोज ६ च्या वेगाने हा साठा आठवडाभरात संपतो, आणि आपण तो महिन्यातून एकदा भरता. उरलेले तीन आठवडे फिल्टर नुसता पाणी फिरवत असतो. नायट्राइट शून्य आहे याचा अर्थही इथे ‘सर्व ठीक’ असा नाही. साखळीची पहिलीच कडी थांबल्यामुळे नायट्राइट तयारच होत नाही, असा तो आहे.

मार्ग असा. मोठा बदल करायचा नाही. रोज एकदा, टाकीच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे सात-आठ लिटर पाणी काढून तितकेच नवे पाणी सावकाश, शक्य तर बारीक नळीने थेंबाथेंबाने सोडावे. त्यामुळे साठा रोज थोडा उतरतो आणि सामू एकदम उडी घेत नाही. अमोनिया बांधून ठेवणारे औषध मत्स्यालयाच्या दुकानात मिळाले तर ते नव्या पाण्याआधी टाकावे. मात्र त्यानंतर काही संच एकूण अमोनियाच दाखवत राहतात, त्यामुळे आकडा उतरला नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये. सामू वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा या टप्प्यावर अजिबात टाकू नका. साठलेला अमोनिया खाली येण्याआधी सामू चढवणे हाच तर महिन्यातून एकदा होणारा अपघात आहे.

अमोनिया २ च्या खाली आला की पुढचा टप्पा. पाणी बदलण्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी पाचव्या हिश्शापर्यंत न्यावे, आणि फिल्टरमध्ये पातळ कापडी पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवावा. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. फक्त उकळून आणि धुऊन घ्यावा. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की हा चुरा आपणहून विरघळतो आणि सामू सातच्या वर गेला की त्याचे विरघळणे मंदावते, त्यामुळे मात्रा चुकण्याची भीती नसते. जिवाणू पुन्हा कामाला लागतील तेव्हा मधल्या काळात नायट्राइट दिसेल. नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते, पण पाण्यात क्लोराइड असेल तर कल्ल्यांतून आत शिरायला त्याला अडथळा होतो; म्हणून तेवढ्यापुरते दर १० लिटरला ५ ग्रॅम साधे खडे मीठ विरघळवून घालावे. स्पंज धुवायचा असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धरला तर त्यातील क्लोरीन जिवाणूंनाही मारते, आणि मग चार ते सहा आठवड्यांची उमेदवारी पुन्हा सुरू होते.

क्लोरीनविषयी एक पुरवणी. १ मिलिग्रॅम क्लोरीन निष्प्रभ करायला सुमारे ७ मिलिग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, लागते. बाजारातील क्लोरीन घालवणाऱ्या बऱ्याच औषधांत हेच असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला तलावांचे पाणी गढूळ होते तेव्हा तुरटी आणि क्लोरीन यांची मात्रा बदलते, म्हणून जून-जुलैत नेहमीच्या मात्रेवर विसंबू नये. एक झाकणाचे पिंप आदल्या दिवशी भरून त्यात हवेचा दगड सोडून ठेवणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. क्लोरीन उडते, तापमान टाकीइतके होते, आणि पाणी तपासायलाही वेळ मिळतो.

आता आपला पहिला प्रश्न. खाद्य पुन्हा सुरू कराल ते दिवसाला १ ग्रॅमपासून करा. सोनारी छोटा काटा हल्ली सहज मिळतो. एकदा वजन करून १ ग्रॅमचे दाणे चमच्यात कुठवर येतात ते पाहून ठेवले की रोज मोजावे लागत नाही. तिन्ही मासे मिळून १२० ग्रॅमच्या आसपास असतील, म्हणजे हे वजनाच्या एका टक्क्याहून किंचित कमी झाले. पूर्ण वाढलेल्या माशाला ते पुरते. हा १ ग्रॅम एकदा द्या, दोनदा द्या किंवा चार वेळा विभागून द्या, अमोनिया तेवढाच होणार. विभागून देण्याचा फायदा माशाच्या पचनाला आहे: गोल्डफिशला खरे जठर नसते, घशातील दातांनी चावलेले अन्न सरळ आतड्यात जाते, त्यामुळे मोठे जेवण साठवून पचवण्याची सोय त्याच्याकडे नाही. एकदावाले आणि चारदावाले या दोघांचेही मासे धडधाकट का, याचे उत्तर यात आहे. ते वेळा सांगतात, वजन कोणीच सांगत नाही.

जलोद्यान

मी शोभिवंत माशांची पैदास करतो, म्हणून खाद्यापुरते चार शब्द. दिवसातून चार वेळा खाद्य देण्याचा सल्ला मुख्यत्वे आम्हा पैदास करणाऱ्यांकडून पसरला आहे. आमच्याकडे पिल्ले असतात, ती वाढवायची असतात, त्यांना ४० टक्क्यांपर्यंत प्रथिनांचे खाद्य लागते, आणि त्यासाठी आम्ही हजारो लिटरच्या सिमेंटच्या हौदांतले पाणी मोठ्या प्रमाणात रोज बदलतो. हे पाण्याचे गणित न सांगता फक्त वेळापत्रक पुढे जाते. घरच्या टाकीतील मोठ्या माशाला ३० ते ३५ टक्के प्रथिने पुरेशी आहेत.

काचेजवळ येऊन तोंड उघडणे ही भुकेची खूण मानू नये. ठरलेल्या वेळी खाद्य मिळू लागले की गोल्डफिश त्या वेळेच्या आधीपासूनच अधिक हालचाल करू लागतात, आणि माणसाची सावलीही त्यांना ओळखू येते. मुलीचा हिरमोड करण्याचे कारण नाही. दुपारची तिची वेळ कायम ठेवावी, पण दाण्यांऐवजी पालकाचे उकडलेले पान किंवा ॲझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बारीक नेचे, द्यावा. गुरांना घालण्यासाठी हल्ली गावोगाव ॲझोला वाढवतात, तो स्वच्छ पाण्यात धुऊन टाकला तर मासे दिवसभर कुरतडत बसतात आणि उरलेला लगेच कुजत नाही. तलावातून थेट आणलेले डकवीड, ही बारीक तरंगती वनस्पती, मात्र टाळावे; त्याबरोबर गोगलगाई आणि परजीवी येतात. गटारातून गोळा केलेल्या जिवंत ट्युबिफेक्स या बारीक लाल कृमींबाबतही हेच.

ओरांडा आणि रियुकिन यांची शरीरे आखूड आणि गोल असल्यामुळे आतडे आणि वाताशय, म्हणजे पाण्यात तोल राखणारी हवेची पिशवी, यांना आत जागा कमी पडते. ते उलटे-तिरके पोहू लागले की लोक लगेच उकडलेले मटार सुचवतात. सोललेला मटार अधूनमधून द्यायला हरकत नाही, त्यातील चोथा उपयोगी पडतो, पण तो सर्व रोगांवरचा उतारा समजणे मला पटत नाही. अनेकदा खरे कारण पाणीच असते. तरंगणाऱ्या दाण्यांऐवजी बुडणारे दाणे वापरावेत, आणि कोरडे दाणे फुगणारे असतील तर दोन मिनिटे टाकीच्याच पाण्यात भिजवून मग द्यावेत. जास्त वेळ भिजवू नयेत, कारण विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. दोन मिनिटांत जे संपत नाही ते जाळीने काढून टाकावे. बुडणाऱ्या दाण्यांचा तोटा एवढाच की खडीच्या फटीत शिरलेले दिसत नाहीत. म्हणून गोल्डफिशच्या टाकीत जाड खडीपेक्षा बारीक रेतीचा पातळ थर किंवा उघडा तळ बरा.

पावसाळ्यात खाद्याच्या डब्याकडे विशेष पाहावे. दाणे ओल ओढून घेतात, बुरशी धरतात, आणि बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही. ‘क’ जीवनसत्त्व उघड्या डब्यात झपाट्याने नष्ट होते. पोत्यातून सुटे विकले जाणारे खाद्य स्वस्त पडते खरे, पण ते पोते कधी उघडले हे दुकानदारही सांगू शकत नाही. लहान सीलबंद पाकीट घ्यावे आणि दोन-तीन महिन्यांत संपवावे.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला बरी वाटणार नाही. तीन मोठ्या होत जाणाऱ्या गोल्डफिशना ९० लिटर पाणी कमी आहे. पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर असा सर्वसाधारण अंदाज धरतात. वरचा सगळा हिशेब १५० लिटरच्या टाकीत सुमारे साठ टक्क्यांवर येतो.

मुलुंडकर

रोज दहावा हिस्सा बदलण्यास सुरुवात केली आहे. पहिल्या दोन्ही वेळा मासे पृष्ठभागाशी आले नाहीत. मोठ्या टाकीचा विचार दिवाळीपर्यंत करतो. गणपतीच्या आठवड्याविषयी मात्र उत्तर राहिले. शेजारी खाद्य द्यायला तयार आहेत, आणि दुकानदार पाण्यात टाकून ठेवायची पांढरी वडी सुचवतो.

संत्रानगरी

वडी आणू नये. ती माशांनी खाल्ली नाही तरी विरघळत राहते, आणि आपल्या पाण्याला ते परवडणारे नाही. शेजाऱ्यांचे मन मोठे असते आणि चमचाही, त्यामुळे डबा त्यांच्या हाती देण्यापेक्षा एकेका वेळेच्या कागदी पुड्या बांधून ठेवाव्यात. आठवड्यात फक्त दोन, प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमच्या. त्याही दिल्या नाहीत तरी चालेल. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन-चार दिवस आधी शेवटचे पाणी बदलावे, म्हणजे काही बिघडले तर आपण घरी असाल. शेजाऱ्यांना खरे काम द्यायचे असेल तर ते वीज गेल्यानंतरचे द्यावे: फिल्टर पुन्हा सुरू झाला की नाही ते पाहणे. काठावरचे काही फिल्टर वीज परत आल्यावर आतले पाणी उतरल्यामुळे नुसते गुरगुरतात आणि पाणी उचलत नाहीत. तेव्हा वरून तांब्याभर पाणी, टाकीतलेच, ओतावे लागते. हे त्यांना जाण्यापूर्वी एकदा करून दाखवावे. हवेच्या दगडासाठी बॅटरीवर चालणारा पंप मिळतो, तो लावून ठेवावा.

परीक्षानळी

याला एकच जोड. परत आल्यावर लगेच खाद्य टाकू नये. आधी अमोनिया आणि केएच मोजावे, आणि केएच दोन अंशांच्या खाली असेल तर पहिल्या दिवशी केवळ दहावा हिस्सा पाणी बदलून दुसऱ्या दिवशी अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करावी. आकडे इथे लिहावेत. शिंपल्यांचा चुरा किती वाढवायचा ते त्यावरून सांगता येईल.